परत फिरलेला प्रकाश

जुन्या फोटोंत कुंकू काळं दिसतं. आमच्या घरी पणजीचा एक फोटो आहे, स्टुडिओत जाऊन काढलेला. नऊवारी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, चेहऱ्यावर ‘कधी एकदा सुटतेय’ असा भाव आणि कपाळावर ठसठशीत कुंकू, तेही काळं कुळकुळीत. नवा पाहुणा हमखास विचारतो, “माळकरी होत्या का? बुक्का लावलाय म्हणून विचारलं.” आई दर वेळी सांगते, “अहो, कुंकूच ते. फोटोत तसं आलंय.” तसं का आलंय हे कुणी विचारत नाही, आणि मी सांगायला लागले की पाहुण्यांना बस आठवते.

कारण तसं साधं आहे. त्या काळच्या काचेवर चांदीच्या ब्रोमाइडचा थर असायचा, आणि या ब्रोमाइडला मुळात निळ्या-जांभळ्या प्रकाशापलीकडचं काही दिसत नाही. आभाळ निळं, म्हणून फोटोत ते पांढरंफटक. कुंकवाकडून येतो तो लाल प्रकाश. ब्रोमाइडच्या लेखी तो आलाच नाही, म्हणून तिथे अंधार.

1873 साली बर्लिनमधल्या हर्मान फोगेल या प्राध्यापकाच्या हाती इंग्लंडहून आलेल्या काही तयार काचा पडल्या. त्यांना चक्क हिरवा प्रकाशही कळत होता. फोगेलने खोदून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की प्रकाश काचेत उलटसुलट उडून फोटो धुरकट होऊ नये म्हणून बनवणाऱ्याने थरात पिवळसर रंग घातला होता. घातला एका कामासाठी, उपयोगी पडला भलत्याच. मग फोगेलने मुद्दाम वेगवेगळे रंग मिसळून पाहिले. जो रंग जो प्रकाश शोषतो, तो प्रकाश ब्रोमाइडला ‘दिसू’ लागतो, हे त्याने दाखवून दिलं. हिरव्यापर्यंत मजल गेली. लाल नीट दिसायला मात्र पुढचं शतक उजाडावं लागलं, आणि आमच्या पणजीच्या गावातल्या स्टुडिओपर्यंत ते शतक जरा उशिराच पोचलं असावं.

1887 मध्ये व्हिएन्नात जेम्स मोझरने हीच युक्ती विजेसाठी केली. प्रकाश पडला की वीज देणाऱ्या चांदीच्या पट्ट्या तेव्हा माहीत होत्या. बेकरेलने 1839 मध्येच तो परिणाम पाहिला होता. मोझरने त्या पट्ट्यांना एरिथ्रोसिन हा लाल रंग चढवला, आणि वीज वाढली. एरिथ्रोसिन म्हणजे केकवरच्या चेरीला भडक लाल करणारा तोच रंग. विचार एका ओळीत मावतो: ज्या पदार्थाला प्रकाश दिसत नाही त्याच्या अंगावर, ज्याला दिसतो असा रेणू बसवायचा. पुढची शंभरेक वर्षं ही ओळ शास्त्रीय मासिकांत पडून होती म्हटलं तरी चालेल.

या ओळीवर मी माझी उमेदीची काही वर्षं घालवली. पश्चिम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत थिन फिल्मचं वेड जुनं आहे. कमी पैशांत, चंचुपात्रात काच बुडवून नाहीतर फवारा मारून पातळ थर चढवायचे, ही आपल्याकडची खास विद्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून ती शिकलेली कितीतरी मुलं आज दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांत आहेत. मीही अशाच एका प्रयोगशाळेत होते, फक्त कोरियाला गेले नाही. आमचं काम डाय-सेन्सिटाइज्ड सेलवर, म्हणजे डायच्या, रंगाच्या रेणूने प्रकाश पकडून वीज करणाऱ्या सौर सेलवर. तोंडी बोलताना नुसतं ‘डाय सेल’. प्रयोगशाळेत सकाळी एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणायची पद्धत नव्हती. “किती आली?” एवढंच विचारायचे. एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या प्रकाशातल्या किती टक्के ऊर्जेची वीज झाली. “तीन.” “बरी आहे की.” संवाद संपला.

या सेलचा पाया असतो टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीला देतो त्या पांढऱ्या रंगात तो असतो, टूथपेस्टमध्ये असतो, सनस्क्रीनमध्ये असतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइट आहे. इल्मेनाइटपासून ही पांढरीशुभ्र भुकटी करतात. गुणी पदार्थ. स्वस्त, बिनविषारी, उन्हापावसाला न बधणारा, आणि हाती आलेला इलेक्ट्रॉन नीट पुढे पोचवणारा. खोट एकच: 388 नॅनोमीटरच्या अलीकडचा, म्हणजे फक्त अतिनील प्रकाश त्याला चालतो. सूर्याच्या ऊर्जेतला तो वाटा जेमतेम 5 टक्के. बाकीचा सगळा दिसणारा प्रकाश हा पदार्थ आल्या पावली परत पाठवतो, म्हणून तर पांढरा दिसतो.

हे नीट लक्षात घ्यायला मला बराच वेळ लागला, पण एकदा डोक्यात बसल्यावर रंगांकडे बघायची तऱ्हाच बदलली. वस्तूचा रंग म्हणजे तिने घेतलेला प्रकाश नव्हे, तिने नाकारलेला. पान हिरवं दिसतं कारण हिरवा प्रकाश त्याला तितकासा नको असतो. डाळिंबाच्या दाण्याने लाल तेवढा परत केलेला असतो. सौंदर्यशास्त्रात याचं काय करतात ते करोत, सौर सेलवाल्यांना याचा अर्थ रोखठोक घ्यावा लागतो: सेल जितका देखणा, तितका प्रकाश वाया. आमच्या कपाटात गुलाबी, नारिंगी, मोरपंखी रंगांच्या सेलची रांग असायची. पाहायला येणारे हरखून फोटो काढायचे. सर मात्र काचेकडे बघून म्हणायचे, “छान दिसतोय म्हणजे काही खरं नाही.” त्यांना हवा होता काळा.

पण काळ्यापर्यंत जाण्याआधी लालची गोष्ट.

घरगुती साहित्यातून हा सेल करायची एक पद्धत 1998 मध्ये ग्रेग स्मेस्टॅड आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी रसायनशिक्षणाच्या एका मासिकात छापली. त्यांनी वापरल्या होत्या ब्लॅकबेरी. आपल्याकडे विज्ञान दिनाच्या सुमाराला आमच्या गटातले आम्ही ती घेऊन तालुक्याच्या शाळांत जायचो. मुलांना आदल्या दिवशी निरोप असायचा: लाल-जांभळं जे काही घरात असेल ते आणा. मग आमसुलं यायची, जास्वंद यायची, डाळिंबं, बीट, आणि वाई-महाबळेश्वरच्या बाजूला असू तर स्ट्रॉबेरी.

खलात पांढरी भुकटी आणि थोडं पातळ केलेलं व्हिनेगर घालून घोटायचं. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. वीज वाहणारी बाजू वर करून काच ठेवायची. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच, म्हणून आधी मल्टिमीटर लावून खात्री करायची. कडांना सेलोटेप चिकटवायची, मधे पेस्ट टाकायची आणि काचेच्या कांडीने एकाच ओढीत सपाट करायची. टेपची जाडी तीच थराची जाडी. मग ती काच साधारण 450 अंशांवर भाजायची. हा भाग आम्ही फर्नेसवर आधीच उरकून न्यायचो. पण पाहण्यासारखा असतो. साबण जळायला लागला की शुभ्र थर तपकिरी होतो, वाटतं करपलं सगळं, आणि पाहता पाहता पुन्हा पांढरा होतो. साबण गेलेला असतो आणि कण एकमेकांना हलकेच जुळलेले असतात.

ही पांढरी काच आमसुलाच्या लाल पाण्यात बुडवायची. थोड्या वेळाने वर काढली की थर लाल झालेला नसतो, तो गडद जांभळा झालेला असतो. नुसतं रंगीत पाणी मुरलं असतं तर पाण्यासारखाच लाल राहिला असता. रंग बदलला याचा अर्थ रेणूने टायटॅनियमला धरलं. नळाखाली धरा, अल्कोहोलने धुवा, सुटत नाही. एका शाळेत स्ट्रॉबेरीवाला गट पार हिरमुसला होता. “मॅडम, आमचा लागतच नाहीये! धुतला की जातोय!” त्यांचा रस तर सगळ्यांत लालभडक. गंमत अशी की आमसुलात सायनिडिन या रेणूचे भाऊबंद असतात आणि स्ट्रॉबेरीत मुख्यतः पेलार्गोनिडिनचे. दोघांची ठेवण जवळजवळ एक. फरक एवढाच की सायनिडिनच्या एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या शेजारी शेजारी असतात, पेलार्गोनिडिनकडे तिथे एकच. दोन असल्या तर टायटॅनियमला चिमटीत धरता येतं. एका बोटाने चिमूट होत नाही. महाबळेश्वरची एवढी नावाजलेली स्ट्रॉबेरी इथे कुचकामी आणि कोकणातलं आमसूल पास, यावर वर्गातल्या एका कोकणी मुलाने जी मान ताठ केली ती मला अजून आठवते.

दुसऱ्या काचेवर शिसपेन्सिल घासून काळा थर करायचा, मधे आयोडीनचं द्रावण सोडायचं, दोन काचा एकमेकींवर ठेवून कागदाच्या क्लिपा लावायच्या. उन्हात नेलं की मल्टिमीटर तीन-चार दशांश व्होल्ट दाखवतो. तळहाताची सावली धरली की आकडा घसरतो, काढली की चढतो. मुलं हे सावली-ऊन करत बसतात, त्यांना दुसरं काही नको असतं. कार्यक्षमता विचारायची नाही. खुद्द ब्लॅकबेरीच्या सेलची 1997 साली छापलेली कार्यक्षमता होती 0.56 टक्के.

आता हे आधी कुणाला का जमलं नव्हतं? 1960 च्या दशकात गेरिशर आणि ट्रिबुच यांनी झिंक ऑक्साइडच्या गुळगुळीत स्फटिकावर डाय चढवून वीज काढली होती. पण सपाट पृष्ठभागावर डायचा एकच थर बसतो, एका रेणूच्या जाडीचा, आणि तो जेमतेम टक्काभर प्रकाश शोषतो. थरावर थर चढवावेत तर वरच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन खालपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे पातळ केला तर प्रकाश निसटतो, जाड केला तर वीज अडते. वीसेक वर्षं गाडी इथेच अडली. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ’रेगन यांनी तिढा सोडवला तो डायमध्ये हात न घालता, जमीन बदलून. गुळगुळीत स्फटिकाऐवजी त्यांनी काही नॅनोमीटरच्या कणांचा सच्छिद्र थर घेतला. जाळी पडलेलं घावन जसं वरून हातभरच दिसतं पण रस्सा भरपूर पितं, तसं. थराची जाडी 10 मायक्रोमीटर, आतला पृष्ठभाग मात्र वरून दिसतो त्याच्या शेकडो पट. प्रत्येक ठिकाणी डायचा थर एकाच रेणूचा, त्यामुळे इलेक्ट्रॉन अडत नाही. आणि प्रकाशाला मात्र शेकडो थर पार करायचे, त्यामुळे तो निसटत नाही. ऑक्टोबर 1991 मध्ये त्यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. कार्यक्षमता 7 टक्क्यांच्या वर.

मला या सेलमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर त्यातली कामाची वाटणी. सिलिकॉनच्या सेलमध्ये प्रकाश शोषायचा कुणी? सिलिकॉनने. वीज वाहून न्यायची कुणी? त्यानेच. एकाच अंगावर दोन्ही कामं, म्हणून तो कमालीचा शुद्ध लागतो. जरा अशुद्धी राहिली की वाटेत इलेक्ट्रॉन हरवतो. शिवाय सिलिकॉन प्रकाश शोषण्यात तसा मंद, त्यामुळे चकती दीडशे मायक्रोमीटरच्या आसपास जाड ठेवावी लागते. डाय सेलमध्ये शोषणारा वेगळा, नेणारा वेगळा. रेणूवर प्रकाश पडला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वर उडतो आणि सेकंदाच्या लाख-कोटीव्या हिश्श्याच्या आतबाहेर टायटॅनियम डायऑक्साइडच्या हवाली होतो. तिथून तो कणाकणांतून ठेचकाळत काचेपर्यंत येतो, तारेतून फिरतो, दिवा लावतो. इकडे इलेक्ट्रॉन गमावून बसलेल्या डायला द्रावणातलं आयोडाइड आपला एक इलेक्ट्रॉन देऊन पूर्ववत करतं. आयोडाइडची तूट दुसऱ्या काचेवर भरून निघते. हिशेब चुकता. भुकटी रंगाच्या कारखान्यातली असली तरी चालते, कारण तिच्यावर शोषणाची जबाबदारीच नाही.

हे चक्र एका रेणूने किती वेळा करावं? सेल 20 वर्षं टिकायचा तर सुमारे 10 कोटी वेळा. आमसुलाच्या रंगाकडून ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तो खिडकीत ठेवला की काही दिवसांत फिका पडतो. म्हणून खरी मदार होती रुथेनियम या धातूवर. 1993 मध्ये ग्रेट्झेलच्या गटाने एन3 नावाचा रुथेनियमचा डाय आणला आणि 10 टक्क्यांना हात लावला. त्या कामात पहिलं नाव मोहम्मद खाजा नाझीरुद्दीन यांचं, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून पीएचडी केलेले. एन3 आणि त्याचा धाकटा भाऊ एन719, दोघेही गडद लालसर-जांभळे. आमच्या प्रयोगशाळेत एन719 ची चिमुकली बाटली कुलपात असायची, कारण वजनाला तो सोन्यापेक्षा महाग. नव्या मुलांना पहिले काही महिने वास सुद्धा घेऊ द्यायचे नाहीत.

आणि तरीही तो जांभळाच. म्हणजे लालच्या टोकाचा प्रकाश परत जातो आणि त्यापलीकडचा अवरक्त तर सगळाच. सूर्याच्या ऊर्जेतला जवळजवळ निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या या अवरक्त भागात आहे. मग साहजिकच पुढचा शोध: आणखी गडद, आणखी काळा. लोझानच्याच लोकांनी खरोखर ‘ब्लॅक डाय’ नावाचा रेणू केला, 900 नॅनोमीटरच्या पुढपर्यंत शोषणारा. 2001 मध्ये त्याची 10.4 टक्के छापून आली. एवढी धडपड आणि फायदा पाव-अर्ध्या टक्क्याचा! कारण निसर्ग फुकट काही देत नाही. लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या कणांत मुळातच ऊर्जा कमी. त्यांनाही पकडायचं म्हणून रेणू जितका ‘हलका’ करावा तितका त्याचा उडालेला इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवर राहतो, आणि टायटॅनियमच्या दारात उडी मारायला त्याच्याकडे जोर उरत नाही. करंट वाढवायला जा, व्होल्टेज पडतं. आमच्या सरांचा काळा सेल अडला तो इथेच, आणि जगातल्या बहुतेकांचाही.

यातून वाट निघाली ती एकाच रेणूकडून सगळं करून घ्यायचा हट्ट सोडल्यावर. तैवानच्या रसायनशास्त्रज्ञांनी पॉर्फिरिनचा एक डाय केला. पॉर्फिरिन म्हणजे तेच कडं जे क्लोरोफिलच्या घराण्यात असतं, मॅग्नेशियमच्या जागी इथे झिंक. साहजिकच डाय हिरवा. निळा घेतो, लाल घेतो, मधला हिरवा सोडतो. मग ती फट बुजवायला शेजारी लालसर डाय बसवला. शिवाय आयोडाइडच्या जागी कोबाल्ट आणलं, कारण आयोडाइड डायला इलेक्ट्रॉन परत देताना अर्धा व्होल्ट उगाच उधळतं, आणि त्याकडे सगळे दोन दशकं काणाडोळा करत होते. 2011 मध्ये या जोडीने 12.3 टक्के दिले. त्या लेखातलं पहिलं नाव अस्वनी येल्ला. ते आता आयआयटी मुंबईत प्राध्यापक आहेत. 2022 मध्ये लोझानमधूनच दोन डाय शिस्तीत एकमेकांशेजारी बसवून 15.2 टक्क्यांची मजल मारली गेली. एक काळा मिळत नसेल तर दोन रंगीत एकमेकांच्या उणिवा झाकतील, एवढाच त्याचा अर्थ.

प्रयोगशाळेबाहेर मात्र या सेलचं दुखणं रंगाचं नव्हतं, गळतीचं होतं. आत द्रव आहे. बऱ्याचदा तो ॲसिटोनायट्राइलमध्ये केलेला असतो, जे 82 अंशांना उकळतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे गच्चीवरचं पॅनेल सहज 70 अंशांच्या घरात जातं. कडा कितीही चांगल्या प्लॅस्टिकने सीलबंद करा, केसाएवढी फट राहिली की दुपारभरात एका कोपऱ्यात पांढरा डाग उगवतो. आयोडीनचा तपकिरी रंग तिथून उडालेला असतो. शेजारी काचेवर पिवळट ओघळ. हा डाग कसा सरकतो ते मी इतक्या वेळा पाहिलं आहे की परगावच्या परिषदेत कुणी ‘उत्तम स्थिरता’ म्हणालं की मी आधी कोपरे बघते. जास्त तापमानाला टिकणारे द्रव आहेत, पण ते घट्ट, आणि मग एफिशियन्सी उतरते. लोझानच्याच संस्थेच्या आवारातल्या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर सुमारे 300 चौरस मीटर रंगीत डाय पॅनेलं लावली आहेत. लाल, हिरवी, नारिंगी, ऊन आत येऊ न देणारी. मला तो उपयोग प्रामाणिक वाटतो. रंग परत जाणारच असेल तर निदान कुणाच्या डोळ्याला सुख तरी देऊन जावा.

मग पेरोव्हस्काइट आलं आणि सगळं उलटंपालटं झालं. 2009 मध्ये जपानात योकोहामाला त्सुतोमू मियासाका आणि त्यांचा विद्यार्थी अकिहिरो कोजिमा यांनी डायच्या जागी शिसं आणि आयोडीन असलेले, पेरोव्हस्काइट नावाच्या ठेवणीचे स्फटिक लावून पाहिले. सांगाडा आमचाच, फक्त रंग बदललेला. 3.8 टक्के, आणि तेही अल्पजीवी, कारण द्रवात तो स्फटिक विरघळून जायचा. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 2012 मध्ये द्रव काढून घन पदार्थ भरला तेव्हा आकडा एकदम 10 च्या आसपास गेला, आणि आज एकेरी पेरोव्हस्काइट 26 टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनवर चढवून केलेला दुहेरी सेल तर 34 च्या पुढे. दोन-तीन वर्षांत आमच्या प्रयोगशाळेतल्या अर्ध्या टेबलांवरून डायच्या बाटल्या हटल्या. मला थोडा राग आलाच, खोटं कशाला बोलू. तो हवाहवासा काळा अखेर सापडला होता, पण तो रेणू नव्हता; पुन्हा एकदा शोषणारा आणि नेणारा एकच. कामाची सुंदर वाटणी मोडीत. वर त्यात शिसं आणि दमट हवेचं वावडं. कोकणात कसा टिकणार तो, हा प्रश्न मी चारचौघांत विचारायचे आणि लोक आकडा दाखवून मला गप्प करायचे.

रेणूंची गोष्ट तिथे संपली असती, तर हा लेखही मी लिहिला नसता. एक धागा सिलिकॉनकडेच निघाला. सिलिकॉनला हवी असते साधारण 1.1 इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा. निळ्या-हिरव्या प्रकाशाचा कण अडीच घेऊन येतो. वरचं सगळं उष्णता होऊन जातं. शोषला गेला तरी वाया, हा वाया जाण्याचा दुसरा प्रकार, आणि तो रंगावरून कळत नाही. 1961 मध्ये शॉकली आणि क्वाइसर यांनी एकेरी सेलची कमाल मर्यादा 30 टक्क्यांच्या आसपास काढली, तिच्यामागे हेही एक मोठं कारण. टेट्रासीन नावाचा एक नारिंगी रेणू आहे. तो असा एक दांडगा कण घेतो आणि त्याची ऊर्जा शेजारच्या रेणूबरोबर वाटून दोन निम्मे वाटे करतो. 1960 च्या दशकापासून हे माहीत होतं. अडचण ते दोन वाटे सिलिकॉनच्या आत पोचवण्याची. 2019 मध्ये एमआयटीच्या गटाने मधे हाफ्नियम ऑक्सिनायट्राइडचा थर दिला, जेमतेम 8 अँगस्ट्रॉम जाड, म्हणजे काही अणूंचा. त्यातून वाटे पलीकडे गेले. सिलिकॉनची मर्यादा 29 वरून 35 पर्यंत सरकू शकते असा त्यांचा अंदाज. बाजारात यायला अवकाश आहे, पण मोझरचीच ओळ पुन्हा: ज्याला जमत नाही त्याच्या अंगावर ज्याला जमतं तो रेणू बसवायचा.

दुसरा धागा घरात आला. उन्हात जो प्रश्न जीवघेणा होता, तो एलईडीच्या प्रकाशात उरतच नाही. एलईडीत अवरक्त नसतंच जवळजवळ. जे आहे ते 400 ते 700 नॅनोमीटरच्या आत. म्हणजे काळ्याची गरज नाही, चांगला लाल-नारिंगी पुरे. 2017 मध्ये मरिना फ्राइटाग आणि सहकाऱ्यांनी दोन सेंद्रिय डाय आणि तांब्याचं द्रावण वापरून 1000 लक्सला 28.9 टक्के मिळवले. रुथेनियम नाही, शिसं नाही. 15.2 वाल्या सेलने तर घरच्या प्रकाशात 30 ओलांडले. तिथे 82 अंशांचीही भीती नाही, खोलीत सत्तर अंश कुठून येणार? स्वीडनमधल्या एक्सेजर कंपनीने हे सेल हेडफोनच्या पट्टीत घातले, 2021 पासून ते विकायलाही आहेत. केरळात सीएसआयआरच्या तिरुवनंतपुरमच्या संस्थेत घरातल्या उजेडासाठीच्या डाय सेलवर काम चालू आहे.

मात्र 1000 लक्स म्हणजे भरपूर उजेडाचं कार्यालय. भर उन्हात हाच आकडा लाखाला टेकतो. त्यामुळे 30 टक्के म्हटलं तरी तळहाताएवढ्या सेलमधून वीज निघते काही मिलिवॉट. त्यावर पंखा सोडा, मोबाइलही चार्ज होणार नाही. तापमान सांगणारा सेन्सर चालेल, भिंतीवरचं घड्याळ चालेल, टीव्हीचा रिमोट चालेल. आई विचारते, “मग तो रिमोट कधी येणार?” तिला सांगावं लागतं की भांडण आता सिलिकॉनशी नाही आणि पेरोव्हस्काइटशीही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन पेन्सिल सेल मिळतात, ते रिमोटमध्ये वर्षभर टिकतात, आणि त्यांची किंमत रुथेनियम न घालताही अजून कुणाला गाठता आलेली नाही.